जावयाच्या पानात भाकरी

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

पंचवटी, नाशिक
९ जून १९९९

चि. सौ. सुवर्णा हिस आईचे आशीर्वाद.

कोपऱ्यावरच्या एसटीडीतून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकला आणि तू ठेवून दिलास. फोन ठेवून देता येतो. पत्र फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी दोन ओळी तरी वाचल्या जातातच. म्हणून लिहिते आहे.

अधिकाच्या महिन्यात जावयाला विष्णू मानून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण दिव्यासकट हातात द्यायचं, हे मला कोणी शिकवायला नको. तुझ्या आजीने तुझ्या आप्पांना ते दिलं होतं तेव्हा परात मीच उचलून आणली होती. रीत मला माहीत नव्हती असं तिकडे कोणी म्हणत असेल तर म्हणू दे, पण तू म्हणू नकोस.

समाधानरावांना साखर निघाली ती संक्रांतीच्या सुमारास. रिपोर्टचा कागद तूच माझ्या हातात दिलास आणि माझ्या पदराने डोळे पुसलेस. विसरलीस का? मी नाही विसरले. मग मी त्यांच्या पानात धोंडे कोणत्या हाताने वाढायचे होते?

देवाला नैवेद्य धोंड्यांचाच दाखवला. त्यातला घासभर प्रसाद त्यांना दिला. वाण दिलं, फक्त अनारशांऐवजी बदामांचं. पाटाभोवती रांगोळी काढली, समई लावली, टोपी-उपरणं दिलं, पाया पडले. पानात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, काकडीची कोशिंबीर, ताक. हे सगळं मी पहाटे उठून केलं. काय कमी होतं?

तुझ्या सासूबाई पंगतीत मोठ्याने म्हणाल्या, "इहीणबाई, जावई हाय का पैलवान? बदाम काय देताय!" सगळे हसले. तूही हसलीस, मी पाहिलं. मग म्हणाल्या, "अन् ही भाकर? आमच्या मळ्यातल्या सालगडी पुंजालाबी सणाला पोळी असती." अनारशांपेक्षा बदामाला जास्त पैसे पडतात हे त्या बाईला कोणी सांगायचं? मी तर सांगणार नव्हते, कारण सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, बघा, हिशेब काढला.

आणि मग इतरांसाठी केलेले धोंडे त्यांनी खाल्ले. मला माणसाच्या खाण्याकडे बघायची सवय नाही, पण त्या दिवशी नजर हलेना. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि त्या ते चाटून मुलाला सांगत होत्या, "खा रे समाधान, एका दिवसानं काय होतं! घरी गेल्यावर कारल्याचा रस पाजीन. कडू गोडाला मारतंय." मला शिसारी आली. पोट म्हणजे काय कुस्तीचा आखाडा आहे, कडूने गोडाला चीत करायला? पोटात गेलेली साखर रक्तात जाते, आणि रक्त सगळीकडे जातं: डोळ्यांत, मूत्रपिंडात, पायाच्या बोटांत. हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. आप्पांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, आणि मी मॅट्रिक असले तरी मला ते कळलं.

समाधानरावांनी उसळ दोनदा मागून घेतली. तेवढं मात्र कोणी पाहिलं नाही.

निघताना अंगणात तू मला म्हणालीस, "लोकांत माझं नाक कापलंस. चार धोंडे वाढले असतेस तर तुझ्या वहीला काय भोक पडलं असतं?" बरोबर, मी वही लिहिते. काडेपेटीसुद्धा मांडते. जुन्या पातळाच्या पिशव्या शिवते आणि तुला लाज वाटायची. पण पथ्य आणि चिक्कूपणा यांत फरक असतो, सुवर्णा. चिक्कू माणूस दुसऱ्याच्या तोंडचं काढून स्वतःच्या गाठीला बांधतो. त्या धोंड्यांचं मी काय गाठीला बांधलं?

तुझ्या आप्पांना साखर आहे त्याला दहा वर्षं झाली. प्रेसमधून रिटायर झाले, आजही पहाटे गंगेवर चालत जाऊन येतात. वाट्टेल तसं बोलतात, पण वाट्टेल ते खात नाहीत. गोळी सोडून पथ्य नाही आणि पथ्य सोडून गोळी नाही. एवढंच आहे ते. यात कसलं शास्त्र आणि कसला अपमान?

तुझी आई

---

पंचवटी, नाशिक
२४ ऑगस्ट १९९९

सुवर्णा,

पाकिटात घातलं आहे. कार्डं तुझ्या सासूबाई वाचतात, असं निजामने सांगितलं. समाधानरावांचा टेम्पो चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून मला माझ्या मुलीची खबर मिळते, ही माझी पत.

तुझा निरोपही त्यानेच आणला. बिचारा दारात उभा राहून चपलेने माती उकरत होता. "मावशी, बोलू का? भाभी बोल्या तसंच बोलतो हां, माझ्यावर नाराज होऊ नका." मी म्हटलं बोल. म्हणाला, "भाभी बोल्या, आईला सांगा, मी माझ्या नवऱ्याला पोटभर घालते. माझ्या घरात मोजून वाढत नाहीत."

ऐकलं. पाणी दिलं त्याला. तो गेला आणि मी देवासमोर बसले, पण जप होईना.

तू काय पोटभर घालतेस तेही मी विचारून घेतलं. श्रावणी सोमवार तुम्ही सगळे धरता. मीही धरते, लग्नाआधीपासून. माझ्या सोमवारी दुपारी ताक आणि संध्याकाळी भाजीभाकरी. तुझ्या घरी सोमवारी परातभर साबुदाणा, रताळ्याचे तुपातले काप, शेंगदाण्याचा लाडू, केळी, वर गोड दही. आणि रात्री उपवास सोडायला शिरा! याला उपवास म्हणतात? महादेवाने वरून पाहिलं तर त्यालाच ढेकर येईल. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ आहे गं, त्यात ना कोंडा ना सत्त्व, खाल्ला की रक्तात साखर चढलीच. साखरेच्या माणसाने पंगतीला श्रीखंड खाल्लं तर निदान त्याला तो गुन्हा तरी वाटतो. इथे तर वर पुण्य!

देवाच्या नावावर जिभेचे चोचले पुरवणाऱ्यांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. देवळात राहून जे खातात त्यांचाही आणि घरात देव ठेवून जे खातात त्यांचाही.

आणि तू. तू का करतेस हे? सासू करते, तिला कळत नाही असं धरू. तुला तर कळतं. मला वाटतं, "चिक्कू आईची लेक" हा शब्द पुसायला तू चमच्याचमच्याने तूप वाढते आहेस. नवऱ्याच्या पानात माझं नाव पुसते आहेस. चूक असेल तर तसं कळव. मला आनंद होईल.

समाधानराव वाळले आहेत. इतकं खाऊन वाळतात हे बरं लक्षण नव्हे. पट्ट्याला नवीन भोक पाडलं आहे. परवा पाटावर बसताना भिंतीला हात टेकून बसले.

म्हणजे असं निजाम सांगत होता. निजामचं लक्ष असतं.

त्यांना सांग, कामावर कोल्डस्टोअरमध्ये गमबूट घालण्याआधी उपडे करून झटकायचे. साखरेच्या माणसाच्या पायाला लागलेलं कळत नाही.

आई

---

पंचवटी, नाशिक
५ ऑक्टोबर १९९९

सुवर्णा,

पितरांचा पंधरवडा चालू आहे. या दिवसांत माझ्याने खोटं लिहवत नाही. निजामचं नाव मी उगाच पुढे केलं होतं. भिंतीला हात टेकून बसले ते माझ्या घरी, माझ्या पाटावर. तुझा नवरा श्रावणापासून गुरुवारी माझ्याकडे जेवतो.

आता फाडू नकोस. पुढचं वाच.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं भांडायला आले. टेम्पो देवळापाशी उभा केला होता, गल्लीत आणला नव्हता. दारात उभे. म्हणाले, "मामी, इथून चाललो होतो." मी म्हटलं, या. बसले. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशीची उसळ आहे का?" उसळ नव्हती. मुगाची आमटी होती, दोडक्याची भाजी होती, भाकरी होती. इतकं निवांत जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "जावईबापू, हे हॉटेल फार कडक आहे. मालकीणबाई तिसरी भाकरी मागितली की बिल नाही, लेक्चर देतात." हसले. आप्पांनी त्यांना दुपारच्या उन्हात गंगेपर्यंत चालत नेलं आणि आणलं.

तेव्हा मला बरं वाटलं. कबूल करते, मला फार बरं वाटलं. वाटलं, बघा, शेवटी माझीच भाकरी लागली.

जाताना म्हणाले, "मामी, घरी कळू देऊ नका. आईला वाईट वाटेल. सुवर्णाला तर..." मी बरं म्हटलं. असे ते येत राहिले.

आणि गेल्या गुरुवारी ते आले तेव्हा घरात वास आला. मी आधी मोरी बघितली, मग कपाटामागे उंदीर मेला का ते बघितलं. वास त्यांच्या पायाचा होता, सुवर्णा. मोजा काढायला लावला. मोजा निघेना, चिकटला होता. करंगळीखाली क्रेटचा खिळा घुसून केव्हाची जखम झाली होती, काळी, आणि आत पाणी. मी बाळंतपणं केली आहेत, आजारी माणसांचं सगळं काढलं आहे, पण त्या दिवशी मी परसात जाऊन ओकले. आणि तो माणूस म्हणतो, "मामी, दुखत तर नाही. म्हणून लक्ष नव्हतं." दुखत नाही! तेच तर भयंकर आहे.

रिक्षात घालून आप्पा आणि मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. साखर तपासली. डॉक्टर त्यांना म्हणाले, "एवढी साखर रक्तात आहे, त्यात जखम भरणार कशी? औषध मी देतो, पण रोज तिन्ही वेळचं खाणं ताळ्यावर आणा. नाहीतर आधी बोट जाईल, मग पाऊल." हे शब्द मी जसे ऐकले तसे लिहिले आहेत. घाबरवायला एक शब्द वाढवलेला नाही.

मी बाहेर येऊन विचारलं, "समाधानराव, गुरुवारी माझ्याकडे जेवता. बाकीचे दिवस?" मान खाली. म्हणाले, "आई पुढ्यात बसते. सुवर्णा वाढते. नको म्हटलं की आई म्हणते, सासूनं शिकवलं. सुवर्णाचा चेहरा उतरतो. मग खातो." मी विचारलं, "आणि गुरुवारी रात्री?" म्हणाले, "गुरुवारी रात्रीसुद्धा. दुपारी जेवलो हे कळू नये म्हणून थोडं जास्तच."

मला काय वाटलं ते लिहायला शब्द नाही. चोरून पेढे खाणारी माणसं मी पाहिली आहेत, आप्पांनी पहिल्या वर्षी शर्टाच्या खिशात गुळाचा खडा ठेवला होता, मुंग्यांनी चहाडी केली. ते मी समजू शकते. पण चोरून भाकरी खाणारा माणूस? एवढा मोठा द्राक्षांच्या पॅकहाऊसचा कारभार बघतो, बागायतदारांशी दरावरून वाद घालतो, आणि आईच्या समोर "नको" हा एक शब्द निघत नाही! मला त्यांची किळस आली. त्यांच्या पायाची आली होती त्याहून जास्त. आणि माझीही आली, कारण आठवड्यातून एकदा गुपचूप वाढून मी काय मिळवत होते? त्यांच्या अंगाला काही नाही. फक्त माझा अहंकार पोसत होते.

मी त्यांना तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं. "समाधानराव, माझ्या घरी तुमचं पान आता मांडणार नाही." आप्पा मध्ये पडले, "अगं, निदान पाय बरा होईपर्यंत तरी..." मी म्हटलं, नाही. भाकरी ही काही लपवून खायची वस्तू नाही. ती यांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईच्या समोर खायची. नाहीतर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलं आहे.

असं मी तुझ्या आजारी नवऱ्याला उपाशी परत पाठवलं. आता मला खरंच चिक्कू म्हण.

पण त्याआधी त्यांचा डावा मोजा काढून बघ. ते दाखवणार नाहीत. तू काढ.

आई

---

नाशिक
२ नोव्हेंबर १९९९

सुवर्णा,

दवाखान्यात आपण समोरासमोर होतो, तरी बोललो नाही. म्हणून पुन्हा कागदच.

करंगळी गेली. पाऊल राहिलं आहे. डॉक्टर म्हणाले उशीर झाला होता, पण फार नाही. मोजा तू काढलास, त्याच दिवशी त्यांना नाशिकला आणलंस, हे मला आप्पांनी सांगितलं. तेवढ्याने पाऊल वाचलं. हे मी लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा वर काय झालं ते तुला माहीत नाही. तुझ्या सासूबाई डबा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू. बोट कापून चोवीस तास झाले नव्हते. "रक्त गेलंय पोराचं. ताकद नको का? डॉक्टरला काय कळतंय, त्याला काय लेकरू हाय?" असं म्हणत त्यांनी लाडू फोडला आणि अर्धा समाधानरावांच्या तोंडापाशी नेला. शेजारच्या खाटेवरची माणसं कौतुकाने बघत होती. मला वाटलं, मी आता काहीतरी भयंकर बोलणार. तोंडात पदराचा बोळा धरला.

समाधानरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाले, "नको, आई."

एवढंच. पण त्या माउलीच्या हातातला लाडू तसाच राहिला. त्यांनी तो कितीतरी वेळ तसाच धरला होता. मग परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, फडक्याची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं तुमच्या मनासारखं? तोडलंत माझ्यापासून." आणि गेल्या.

तू आलीस तेव्हा म्हणूनच त्या तिथे नव्हत्या.

समाधानरावांच्या रात्रीच्या जेवणाचं विचारायचं असेल तर आप्पांना विचार. मला विचारायला जड जात असेल.

आई

---

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

पंचवटी, नाशिक
२० नोव्हेंबर १९९९

चि. सौ. सुवर्णा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सहा महिन्यांतलं पहिलं. चार ओळी. "आईंनी अन्न सोडलंय. म्हणतात, मुलगा माझ्या हातचं खात नाही तर मीपण खाणार नाही. हे आता डगमगायला लागलेत. काल म्हणाले, एक लाडू खाऊन टाकतो, तिचं समाधान होईल. मी काय करू?"

वाचून आधी संतापच आला. म्हातारी अन्नाचा सूड उगवते आहे! ज्या पोराचा पाय अजून बांधलेला आहे, त्याला लाडवासाठी ओढते आहे! एक लाडू म्हणजे एक लाडू नसतो. तो आज खाल्ला की "नको" हा शब्द कायमचा गेला. उद्या पोळी, परवा शिरा, आणि पुढच्या वर्षी पाऊल.

तुला उत्तर लिहिणार होते. मग वाटलं, उत्तर लिहून काय होणार. तुम्ही दोघं बुधवारी ड्रेसिंगला नाशिकला येणार हे आप्पांना ठाऊक होतं. त्यांना मी दवाखान्यात तुमच्याकडे पाठवलं आणि मी पिंपळगावच्या एसटीत बसले. म्हणून मी तुला तिथे दिसले नाही. तुला वाटलं असेल, आई अजून रुसली आहे.

तुझ्या घरी पोचले तेव्हा तुझ्या सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आवाज ऐकून न वळताच म्हणाल्या, "कोण? इहीणबाई? म्हातारी मेली का बघायला आलात?"

मी म्हटलं, "नाही. जेवायला आलेय. भूक लागली आहे. काय आहे घरात?"

हे ऐकून त्या वळल्या. विहीण दारात येऊन आपल्या तोंडाने जेवायला मागते, असं त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. मीही जन्मात मागितलं नव्हतं. पण मला एक ठाऊक होतं. ती बाई कशीही असो, दारात आलेल्या विहिणीला उपाशी परत पाठवणारी नाही. तेवढी त्यांची जात पक्की.

उठल्या. भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या. अन्न सोडलं म्हणजे चहावर होत्या म्हणे. चहात साखर किती असते ते मला विचारू नकोस, तू रोज बघतेस. ताट आणलं. तुझी सकाळची भाजीपोळी होती, ती बाजूला सारून त्यांनी डबा काढला. तेच डिंकाचे लाडू. "खाल का? का तुमालाबी साखर झाली?"

सुवर्णा, आप्पांना साखर निघाली त्या साली मी गडावर देवीपुढे नारळ ठेवून गोड सोडलं होतं. त्यांनी एकट्याने का सोडायचं म्हणून. प्रसादाचा कणसुद्धा मी कपाळाला लावून आप्पांच्या नकळत गाईला घातला आहे. तुला हे माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "खाते. पण एकटी नाही जेवणार. तुम्ही बसा समोर."

"माझं सोडलंय."

"मग मीही हात धुते. विहीण उपाशी गेली असं गावात सांगा."

मग मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. ते रडणं काही बघण्यासारखं नव्हतं, नाक, तोंड सगळं एक. म्हणाल्या, "पोरानं तोंड फिरवलं हो. सगळ्यांसमोर. मी काय त्याला इख घालत होते?"

खोटं बोलून सांत्वन करणं मला जमत नाही. मी म्हटलं, "हो. घालत होतात. माहीत नव्हतं तुम्हाला, पण घालत होतात."

"तुमचं तोंड लय वाईट हाय, इहीणबाई."

"आहे. पण त्या तोंडात आज तुम्ही घाला. तुम्हाला कोणाला तरी भरवल्याशिवाय चैन पडत नाही ना? मला भरवा. दर महिन्याला येईन. लाडू करा, अनारसे करा, काय करायचं ते करा. मी खाईन. पण त्याच्या पानाकडे हात न्यायचा नाही."

डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दर म्हैन्याला? एसटीचं भाडं परवडंल का तुमाला?"

त्या अवस्थेतही! मला हसूच आलं. त्याही हसल्या, आणि हसता हसता अख्खा लाडू माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं.

तुपाने टाळू लिंपली गेली. दहा वर्षांनी ते गोड जिभेवर पसरत गेलं. देवी आठवली, नारळ आठवला. त्या माझ्या तोंडाकडे अगदी लहान पोरीसारख्या बघत होत्या. "कसा झालाय?" म्हणाल्या. मी म्हटलं, चांगला झालाय. त्यांनी दुसरा दिला. तोही खाल्ला. मग त्यांनी स्वतःसाठी पोळी वाढून घेतली आणि भाजीशी पहिला घास खाल्ला.

आणि सगळ्यात जास्त किळस मला कशाची आली सांगू? लाडू खरोखरच चांगला होता.

देवीचं आणि माझं मी बघून घेईन. चैत्रात गडावर जाऊन सांगेन तिला, काय शिक्षा द्यायची ती मला दे.

आप्पा म्हणाले, ड्रेसिंगच्या वेळी जखम लाल आणि स्वच्छ होती, डॉक्टर खूश होते. मग आता डगमगायचं नाही. तुझ्या पत्रात तू शेवटी, काय आणि किती वाढू, असंही विचारलं आहेस, अगदी बारीक अक्षरात. तर ऐक. भाकरी ज्वारीची किंवा नाचणीची, पण नाचणी म्हणजे औषध नव्हे, तीही मोजूनच. पानाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबीर. वरण किंवा उसळ रोज, दोन्ही वेळा. भात पळीभर, हवाच असेल तर. द्राक्षं स्वतःच्या बागेतली असली तरी घोस उचलायचा नाही. उपवास नको, गोळी चालू असताना तर मुळीच नको, देव रागावला तर माझ्याकडे पाठव. चालणं, पाय बरा झाल्यावर. पाय रोज रात्री तू स्वतः बघायचा. तू, दुसऱ्या कोणी नाही.

आणि त्यांचं पान वेगळं, कोपऱ्यात मांडू नकोस. सगळ्यांच्या पंगतीत, मध्यभागी, पाटावर. तेच तूही जेव. सासूबाईंनाही हळूहळू त्यातलंच वाढ, पण पहिल्या महिन्यात नको, त्यांची भरवायची हौस मी भागवते आहे.

डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी येते. तुझ्या सासूबाईंनी अनारशाचे तांदूळ भिजत घालीन म्हणून सांगितलं आहे. ते मला खावे लागतील. तू समोर बसणार असशील तर बस, पण मी खाताना माझ्या तोंडाकडे बघू नकोस.

तुझी आई